पटावर एक सोंगटी पाण्याची!

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवली आणि पायथ्याशी मातीचे मावळे मांडले, की मराठी पोरगं नकळत एका जागतिक छंदात सामील झालेलं असतं. बाहेरची मंडळी याला वॉरगेमिंग म्हणतात. ती बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवतात, टेबलावर डोंगर-नद्या मांडतात आणि फासे टाकून वॉटर्लू पुन्हा लढतात. फरक एवढाच, की आपला मावळा भाऊबीजेपर्यंत जागचा हलत नाही आणि त्यांचा शिपाई दर डावाला काही इंच पुढे सरकतो.

छंद पोरकट वाटला तर ऐका. ‘टाइम मशीन’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहून चक्क पुस्तक काढलं. त्याच्याही आधी, १८२४मध्ये, प्रशियाच्या सैन्यात असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आला होता. त्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचं सैन्य दिसत नसे. खरं काय चाललंय ते फक्त पंचाला ठाऊक.

माझी तक्रार वेगळीच आहे. वॉटर्लू, गेटिसबर्ग, नॉर्मंडी यांचा खेळून खेळून चोथा झाला. आपल्याकडेही लढाई म्हटलं की गाडी पानिपतावर जाऊन थांबते. आणि छत्रपती संभाजीनगरहून एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल अशा टापूत एकाहून एक नामी डाव धूळ खात पडलेत! त्यातल्या बहुतेकांत बाजी पलटवली ती तलवारीनं नव्हे, पाण्यानं. कुठे पाणी नव्हतं म्हणून, कुठे फार झालं म्हणून.

तहानेचा डाव : पालखेड, १७२८

आधी घोळ मिटवू. नाशिकच्या धरणाचं पालखेड वेगळं, हे वैजापूर तालुक्यातलं. इथं पहिल्या बाजीरावानं निजाम-उल-मुल्कला कोंडलं. लढाई अशी फारशी झालीच नाही, आणि म्हणूनच हा डाव भन्नाट आहे.

१७२७चा पाऊस सरल्यावर बाजीराव निघाला. जालन्याकडे आला, मुलूख लुटला, बऱ्हाणपूरवर जातोय अशी हूल दिली आणि वळला गुजरातेत. निजाम मागं धावून दमला. मग त्यानं विचार केला, याच्या मागं कशाला पळायचं? सरळ पुण्यावर जाऊ, आपोआप येईल! पुणं घेतलं. बाजीराव पुण्याला आलाच नाही. तो निघाला निजामाच्याच औरंगाबादेकडे. आता धावायची पाळी पुन्हा निजामाची. घाईत त्यानं जड तोफखाना मागं टाकला आणि फेब्रुवारीअखेर पालखेडच्या रानात मराठी घोडदळाच्या वेढ्यात सापडला. रसद बंद, पाणी बंद. ६ मार्च १७२८ला पैठणसमोरच्या मुंगीत तह झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला.

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या मोहिमेला वेगवान हालचालींचा उत्कृष्ट नमुना मानलंय. आपल्या पाठ्यपुस्तकात तिला दोन ओळी मिळाल्या तरी नशीब.

मांडायचा कसा? एका टेबलावर नाहीच. बाजीराव एका खोलीत, निजाम दुसऱ्या खोलीत, मधे पंच. दोघांपुढे फक्त नकाशा, आणि पंच कानात सांगेल तेवढीच बातमी, तीही दोन डाव शिळी. निजामाला दर डावाला एकच प्रश्न : तोफा ओढायच्या की टाकायच्या? ओढल्या तर बाजीराव हाती लागत नाही, टाकल्या तर हाती लागूनही उपयोग नाही. शेवटी फाशांऐवजी तहानेच्या चकत्या. पाण्यावाचून गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक चकती, पाच साठल्या की तहाला बसा. (पंचाचे पाय दुखणार. चहा मात्र त्यालाच आणायला लावा, तो उठलेलाच असतो.)

काठावरचा निजाम : राक्षसभुवन, १७६३

नाव ऐकूनच खोक्यावर चित्र काढावंसं वाटतं! बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठी, १० ऑगस्टला, भर पावसाळ्यात ही लढाई झाली. पानिपत होऊन अडीच वर्षं झाली होती, त्याच साली निजामानं पुणं जाळलं होतं आणि माधवराव पेशवे होते अवघे अठरा वर्षांचे. निजाम अली फौजेचा मोठा भाग घेऊन नदीच्या उत्तरेला उतरून गेला होता. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठी राहिला. मराठे तुटून पडले ते त्याच्यावर. विठ्ठल सुंदर पडला आणि पैलतीरावरचा निजाम पुराकडे बघत बसला.

पटावर हे मांडायला किती सोपं! मधे नदी, एका बाजूला अर्धी सेना, दुसऱ्या बाजूला अर्धी. निजामवाल्यानं दर डावाला फासा टाकायचा : पूर ओसरला का? नाही. पुन्हा टाका. नाही. समोर आपला दिवाण कापला जातोय आणि आपण फासा खुळखुळवतोय, यासारखा छळ दुसरा नाही. वर आणखी दोन पत्ते घाला. एक जानोजी भोसल्यांचा. नागपूरकर आधी निजामाचे दोस्त होते, मग फिरले. दुसरा राघोबादादांचा. काका लढाईत वेढले गेले आणि पुतण्यानं मदत धाडून सोडवले, असं सांगतात. सोडवायचं की नाही, हा निर्णय खेळाडूवर ठेवा. पुढचा इतिहास माहीत असलेला खेळाडू जरा जास्तच विचार करतो, असा माझा अंदाज आहे.

तळं फोडा! भातवडी, १६२४

नगरजवळची ही लढाई मलिक अंबरची. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस नगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१०मध्ये त्यानं खडकी वसवली, तीच पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६१६च्या रोषणगावच्या पराभवानंतर मोगलांनी खडकी जाळली, तर यानं पुन्हा उभी केली. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याचीच.

भातवडीला समोर मोगल आणि आदिलशाही, दोघांची मिळून फौज. अंबर मागं सरत गेला, रसद तोडत गेला आणि भातवडीच्या तलावाचा बांध फोडून त्यानं शत्रूच्या छावणीत चिखल केला. उपाशी शिपाई फितून येऊ लागले, मग हल्ला. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. अंबराच्या बाजूनं शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी इथंच पडले. जो माणूस शहरासाठी नहर बांधतो तोच तलावाचं हत्यार करतो. जलशास्त्र दोन्हीकडे एकच.

मिठाची पोती : देवगिरी, १२९६

इथं पाणी नाही, मीठ आहे. अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन अचानक देवगिरीवर आला. मागून वीस हजारांची शाही फौज येतेय, अशी आवई त्यानं उठवली. यादवांचा राजा रामदेवराय किल्ल्यात शिरला. फरिश्ता सांगतो, की युवराज शंकरदेव फौज घेऊन परतला, अलाउद्दीनवर तुटून पडला आणि जिंकतही आला होता. तेवढ्यात किल्ल्यावर नजर ठेवायला सोडलेले हजारभर स्वार धूळ उडवत आले. यादवांना वाटलं, हीच ती दिल्लीची फौज! सगळं फिसकटलं. मग किल्ल्यात घाईनं भरलेली धान्याची पोती उघडली, तर आत मीठ.

म्हणजे किल्लेदार खेळाडूला पोत्यांच्या चकत्या पालथ्या द्यायच्या. उपास पडेपर्यंत उलटायच्या नाहीत.

आणि दोन घाईघाईत

असई (२३ सप्टेंबर १८०३, आताचा जालना जिल्हा) परदेशी टेबलांवर खेळली जाते, पण बहुधा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या कौतुकापुरती. नदीला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. त्यानं समोरासमोरच्या काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं, शेजारी आहेत म्हणजे येणं-जाणं आहे, म्हणजे उतार आहे. हुशार खरा. पण शिंद्यांच्या पलटणींनी तोंड फिरवून नवी फळी धरली आणि त्याची जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं मेली किंवा जखमी झाली. एकदा मराठ्यांच्या बाजूनं खेळून बघा, तोफा तुमच्याकडे भरपूर आहेत.

खर्डा, मार्च १७९५. मराठ्यांशी लढताना निजाम रातोरात खर्ड्याच्या गढीत शिरून कोंडला गेला. इथंही दाणा-पाण्याचे हाल! त्याच्या लवाजम्यात बायकांची शस्त्रधारी पलटणही होती. एवढी रंगीत सोंगटी दुसऱ्या कुठल्या पटावर मिळणार?

दुकानात काय मिळतं? ‘विजयनगर’ नावाचा अमेरिकी खोका २०२४मध्ये आला. त्यात दिल्लीची सल्तनत, बहमनी आणि विजयनगर अशा तीन बाजू आहेत. त्याआधी १९९४मध्ये ‘महाराजा’ आला होता. पालखेडचा खोका मला अजून दिसलेला नाही, तेव्हा घरीच करा. पट पुठ्ठ्याचा असला तरी चालेल, भातवडीसाठी मात्र प्लायवूड घ्या, कारण तांब्याभर पाणी खरंच ओतायचं आहे. आमच्या शहरात त्यासाठी आधी नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, ते शेजाऱ्यांना विचारून ठेवावं लागतं.