‘मणक्यात गॅप’ म्हणजे काय?

ऊसतोडीहून परतलेल्या कळंब-वाशीकडच्या बाया रिपोर्ट पुढं करतात, “सिस्टर, मणक्यात गॅप हाय म्हणं.” बहिणींनो, घाबरण्याआधी कागद समजून घ्या.

मानेचे ७ मणके ‘सी’, पाठीचे १२ ‘डी’, कमरेचे ५ ‘एल’. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना जास्त ताण ‘एल-४, एल-५’वर येतो. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे डिस्क. ती झिजून पातळ झाली की ‘गॅप’. गादी बाहेर सरकली की ‘स्लिप डिस्क’. तिनं नस दाबून कळ पायात उतरली की ‘सायटिका’. बहुतेकांना काही आठवड्यांत ऑपरेशनविना आराम पडतो. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा.

हातानं मणक्याला झटका देऊन करायच्या उपचाराला ‘कायरोप्रॅक्टिक’ म्हणतात. त्यानं काहींची कंबरदुखी थोडी कमी होते, पण झिजलेली गादी भरून येत नाही. पायातली ताकद गेली, लघवी अडकली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर कुणाकडूनही मणका मोडून घेऊ नका. त्याच दिवशी धाराशिवचा सरकारी दवाखाना गाठा.

पाठदुखीसोबत संध्याकाळी ताप येतो, वजन घटतं? मणक्याचा टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. अंगावर काढू नका.