लक्षवेधी लागली का?

२०२३ च्या नोव्हेंबरात हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावानं पत्र दिलं. कर्ज फिटत नाही, आमचे अवयव विकत घ्या आणि बँकेचं देणं भागवा, असं त्यात होतं. किडनी, यकृत, डोळे आणि प्रत्येकापुढे दर. त्याच्या चार वर्षं आधी याच तालुक्यातल्या ताकतोड्याच्या लोकांनी अख्खं गाव विकायला काढलं होतं. वाचताना पोटात कालवतं. पण ही माणसं अशी भाषा वापरतात, कारण साध्या अर्जावर पोचेचा शिक्का मिळतो, उत्तर मिळत नाही.

सरकारला उत्तर द्यावंच लागतं अशी जागा विधिमंडळाचं सभागृह. तिथं पोचण्याची वाट मात्र अरुंद आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच, आमदार तीन; विधानसभेत एकूण २८८. सेनगावच्या नावाचा मतदारसंघच नाही. म्हणून अधिवेशन आलं की गावातली जाणती माणसं आमदाराच्या कार्यालयात एकच विचारतात : आपली लक्षवेधी लागली का?

विधानसभेच्या नियम १०५ खालची ही लक्षवेधी सूचना. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे सदस्य अध्यक्षांच्या परवानगीनं मंत्र्याचं लक्ष वेधतो. मंत्री निवेदन करतो, मग सदस्य उपप्रश्न विचारतात. विरोधकांना मोठी चर्चा हवी असली तर नियम २९३ चा प्रस्ताव येतो. विधान परिषदेत त्यासाठी नियम २६०. सूचना ढीगभर येतात आणि बैठकीचे तास मोजके. ज्याची सूचना कामकाजपत्रिकेत छापली जाते त्याची ‘लागली’. कधी सूचना लागते, पण मंत्री हजर नसतो आणि ती ‘राखून ठेवली’ जाते. गावाकडे फोन जातो : उद्या बघू.

हा सगळा वेळ वाटतं कोण? कामकाज सल्लागार समिती. अध्यक्ष तिचे प्रमुख. सरकार, विरोधी पक्ष आणि गटनेते एका टेबलाभोवती बसून कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा ते ठरवतात. सरकारची बाजू तिथं संसदीय कार्यमंत्री मांडतो. वर्तमानपत्रात या खात्याचं नाव क्वचित येतं, कारण त्यात रस्ते नाहीत, टेंडरं नाहीत. पण सभागृहात एखादा सदस्य उठून ‘अध्यक्ष महोदय, यावर चर्चा लावा’ म्हणतो, तेव्हा सरकारच्या बाकांवरून अनेकदा यालाच उठावं लागतं. त्याची उत्तरं ठरलेली : समितीत ठरवू, संबंधित मंत्री निवेदन करतील, माहिती घेऊन सांगू, दालनात बैठक लावू.

शेवटच्या उत्तरावर बहुतेक सदस्य खूश होऊन खाली बसतात. बैठकीत अधिकारी समोर असतात, काम लवकर मार्गी लागतं, हे खरंच. तरी मला ते पटत नाही. दालनातला शब्द दालनातच राहतो. सभागृहात मंत्री ‘करू’ म्हणाला, की प्रतिवेदक तो शब्द टिपून घेतात आणि तो आश्वासन समितीच्या यादीत जातो. वर्ष लोटलं तरी समिती खात्याला विचारू शकते : त्याचं काय झालं? गोरेगावसारख्या गावाला हाच आधार हवा आहे.

सभागृहात मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या तारांकित प्रश्नाची छापील भाषाही एकदा जवळून पाहावी. ‘हे खरे आहे काय’ इथून सुरुवात. मग ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’. शेवटी, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. समोरच्या रकान्यात ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’, किंवा सगळ्यांत जास्त वेळा भेटणारं ‘हे अंशतः खरे आहे’. गोठलेली सरकारी भाषा म्हणून लोक ती वाचत नाहीत. मी मात्र ती आवर्जून वाचतो. ‘अंशतः’ लिहिताना खात्यानं निम्मं कबूल केलेलं असतं, आणि उपप्रश्न तिथेच घुसवायचा असतो.

सभागृहातला विषय बांधावर कसा पोचतो, याचं मराठी उदाहरण रोजगार हमी योजना. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडली, तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यानं खडी फोडून पोट भरलं. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. योजना एका फटक्यात कायदा झाली नाही. आमदार पुन्हा पुन्हा उठून बोलत राहिले.

गोरेगावचं पत्र गेलं त्यानंतर, ७ डिसेंबर २०२३ ला नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. १९५३ च्या नागपूर करारानं वर्षातलं एक अधिवेशन तिथं घ्यायचं ठरलं, आणि नागपूर सेनगावला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. तिथल्या रस्त्यांवर मोर्चे अडवलेले असतात, हातात निवेदनं घेऊन माणसं उन्हात बसलेली असतात. मोर्चाचं शिष्टमंडळ आत जाऊन परत आलं, की कुणीतरी हात पुढे करतं : त्या कागदावर काही लिहून दिलं का?