आयकिडो : पाडण्याआधी पडायला शिका

जपानी युद्धकलांच्या तालीमघराला 'दोजो' म्हणतात, हे आपल्या कराटे शिकणाऱ्या मुलांना ठाऊक असते. पण हा शब्द मुळात बौद्धांचा आहे, हे थोड्यांनाच माहीत असेल. तथागतांना जेथे बोधी प्राप्त झाली ती जागा म्हणजे बोधिमंड. चिनी बौद्धांनी या शब्दाचे भाषांतर केले, त्याचाच जपानी उच्चार दोजो. अशा दोजोत शिकवल्या जाणाऱ्या आयकिडोची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

आय म्हणजे मेळ, कि म्हणजे प्राणशक्ती, डो म्हणजे मार्ग. संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) बौद्ध नव्हते, शिंतो परंपरेतील ओमोतो पंथाचे होते. १९३० च्या दशकात त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांनाही शिकवले. १९४२ साली मात्र टोकियो सोडून ते इवामा गावी शेती करू लागले. तेव्हा व्यक्तिपूजा नको, शिकवण पारखून घ्यावी.

समजा, कोणी मनगट धरले. आपण हिसका देतो, तो अधिकच आवळतो. आयकिडोत हात तेथेच ठेवून, पाऊल किंचित पुढे टाकून कंबरेतून वळतात आणि धरणाऱ्याच्या शेजारी उभे राहतात. त्याचे बळ वाया जाते, तोल सुटतो. हल्ला थांबावा, पण हल्लेखोराची हाडे मोडू नयेत, हा हेतू. बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला होता, त्याची येथे आठवण होते. अहिंसा म्हणजे मुकाट मार खाणे नव्हे.

बहुतेक शाखांत सामने नसतात. जोडीतला एक पकडतो, दुसरा पाडतो. बहुधा चार वेळा झाले की पाळी बदलते. म्हणून आधी पडणे शिकवतात : हनुवटी छातीकडे, खांद्यावरून तिरके लोळून उभे राहायचे. काळा पट्टेवालाही नवशिक्याच्या हातून पडतो. येथे पायऱ्या आहेत, पण त्या सरावाने मिळतात, जन्माने नाही. कायमचा खाली कोणीच नसतो. सरावाआधी व नंतर दोघेही एकमेकांना लवून नमस्कार करतात. ज्यांच्या वाडवडिलांना एकतर्फीच वाकावे लागले, त्या आम्हांला याचे मोल निराळे सांगायला नको.

चार महिन्यांत कोणी गुंडाला लोळवील, अशी आशा मात्र धरू नये. याला वर्षे लागतात. परंतु पडूनही उठता येते हे अंगात भिनले की निम्मी भीती जाते. पालकांनो, जवळपास चांगला शिक्षक असेल तर मुलांबरोबर मुलींनाही अवश्य पाठवा.

जयभीम!