ऑनलाइन धंदा : आधी गिऱ्हाईक, मग दुकान

नोकरी मिळत नाही, गाळ्याची पागडी परवडत नाही, तेव्हा मोबाइलवरूनच माल विकावा, असे म्हणणारे तरुण आज मोहने, आंबिवली, शहाड आणि कल्याणच्या पट्ट्यात जागोजागी भेटतात. त्यांच्याजवळ थोडेफार भांडवल असते, मेहनतीची तयारी असते आणि शिकण्याची हौसही असते. तरीसुद्धा यातील कित्येकांचा कारोबार चार-सहा महिन्यांत थंडावतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, "आता पूर्वीचा उत्साह राहिला नाही."

आमच्या मते उत्साह संपणे हे केवळ लक्षण आहे; मूळ दुखणे निराळे आहे. आपला माल नेमका कोणाला हवा आहे, हे ठरविण्याआधीच दुकान मांडले जाते. मग माल कोणालाच विशेष हवा नसतो, ऑर्डर येत नाही आणि रोज रिकामा मोबाइल पाहून कोणाचीही हिंमत खचते. म्हणून उमेद आणि बाजारपेठ हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे तरुण मित्रांनी प्रथम लक्षात घ्यावे.

गरज आणि गिऱ्हाईक

मोहन्याला धंद्याची गरज काय असते हे कोणी शिकवायला नको. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे आपली एन. आर. सी., हा या गावाचा कणा होता. कंपनीच्या पगारावर वसाहत चालत होती आणि वसाहतीवर किराणा, कापड, चहा, सायकल दुरुस्ती अशी अनेक दुकाने चालत होती. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये कारखाना बंद पडला. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली आणि प्रकरण पुढे दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. पगार थांबला तसा गल्ल्यातला पैसाही आटला.

अशा परिस्थितीत माणूस नाइलाजाने धंद्यात उतरतो आणि त्यात कमीपणा काही नाही. परंतु नाइलाज माणसाला पहिल्या दिवशी उठवितो, रोज उठवीत नाही. "मला पैशांची गरज आहे" हे गिऱ्हाइकाने माल घेण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याची स्वतःची काही अडचण असते आणि ती सोडविणाऱ्याकडे तो पुन्हा येतो. तो पुन्हा आला, म्हणजे दुकानदाराची उमेद आपोआप टिकते.

मोठ्यांची सुरुवात लहानच

आज ज्या कंपन्या सुईपासून फ्रिजपर्यंत सर्व काही विकतात, त्यांनी प्रारंभी काय विकले हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ॲमेझॉनने 1995 साली विक्री सुरू केली ती फक्त पुस्तकांची. आपल्याकडे 2007 साली बंगळुरूमध्ये फ्लिपकार्ट सुरू झाले तेही पुस्तकांपासूनच. पुस्तक टपालात फुटत नाही, त्याला कपड्यासारखे माप लागत नाही, किंमत छापलेली असते आणि नाव एकच असल्यामुळे गिऱ्हाइकाची फसगत होत नाही. अनोळखी दुकानावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून याहून सोयीची वस्तू सापडणे कठीण होते.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याच्या फर्स्टक्राय या कंपनीचे आहे. सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी ती 2010 साली सुरू केली. स्वतः बाप असलेल्या माहेश्वरी यांना मुलांच्या चांगल्या वस्तू आपल्याकडे सहज मिळत नाहीत याचा अनुभव होता. त्यांनी सर्वांसाठी सर्व काही विकण्याचा मोह टाळला आणि फक्त लहान मुलांच्या वस्तू धरल्या. पुढे कंपनीने प्रसूती रुग्णालयांमार्फत नव्या मातांना भेटवस्तूंची पेटी देण्याची पद्धत सुरू केली. गिऱ्हाईक कोण हे ठाऊक असले की ते कोठे भेटेल हेही ठाऊक होते! 2024 च्या ऑगस्टमध्ये या कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले.

कोणी म्हणेल, हे मोठ्या भांडवलाचे खेळ आहेत. तर मग लिज्जत पापडाकडे पाहावे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या काळी इंटरनेट नव्हते. पण एकच वस्तू, एकच दर्जा आणि ओळखीच्या व्यापाऱ्यापासून विक्री, हा धडा आजच्या ऑनलाइन दुकानालाही तितकाच लागू पडतो.

हिशेब काय सांगतो

आता आपल्या भागातला हिशेब मांडू. समजा, मोहन्यातील एका तरुणाने शेजारच्या उल्हासनगरच्या बाजारातून 280 रुपयांना एक लेडीज कुर्ता आणला आणि तो 500 रुपयांना विकायला ठेवला. पॅकिंगला 10 रुपये आणि पाठविणावळ 60 रुपये धरली, तर नगामागे 150 रुपये सुटतात. दहा कुर्त्यांमागे 1500 रुपये नफा, असे तो मनात धरतो.

परंतु पैसे माल हाती पडल्यावर देण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे आणि त्यामुळे माल परतही येतो. परत आलेल्या प्रत्येक नगामागे पॅकिंग आणि जाण्या-येण्याचे भाडे मिळून 130 रुपये पाण्यात जातात. दहापैकी दोन नग परत आले तर 1500 चे 940 रुपये होतात. चार परत आले तर हाती उरतात केवळ 380 रुपये! त्यातून जाहिरातीचा खर्च आणि ॲप कंपनीचे कमिशन गेले, म्हणजे धंदा तोट्यातच गेला म्हणायचा.

माल परत का येतो? माप बसत नाही, रंग फोटोपेक्षा वेगळा निघतो, किंवा घेणाऱ्याला तो मुळात फारसा हवाच नसतो. याउलट हाच तरुण जर म्हणाला की, आम्ही फक्त मोठ्या मापाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कुर्ते ठेवतो आणि प्रत्येकाचे माप इंचांत लिहून देतो, तर? बघणारे कमी होतील. पण ज्यांना दुकानोदुकानी फिरूनही असे कपडे मिळत नाहीत, त्या भगिनी घेतील, ठेवतील आणि नणंदा-भावजयांना सांगतील. नफा या कमी संख्येत आहे.

गिऱ्हाईक कसे शोधावे?

यासाठी आम्ही काही साधे उपाय सुचवितो. पहिला असा की, माल भरण्यापूर्वी ओळखीच्या वीस घरांत जाऊन विचारावे. "तुम्ही घ्याल का?" असे विचारू नये, कारण भिडेखातर सारेच होकार देतात. "मागच्या वेळी ही वस्तू कोठून घेतली, किती दिली, आणि काय पटले नाही?" असे विचारावे. उत्तरे वहीत लिहावीत. एकच तक्रार पाच-सहा घरांतून आली तर तेथे धंदा आहे असे समजावे.

दुसरे, प्रारंभी एकच प्रकारचा माल ठेवावा आणि तो थोडा ठेवावा. घरगुती मसाला विकायचा तर दहा प्रकार न करता एकच मसाला चांगला करावा.

तिसरे, रोजचे उद्दिष्ट आपल्या हातातले ठेवावे. आज किती ऑर्डर येतील हे आपल्या हाती नाही. पण आज दोन जुन्या गिऱ्हाइकांना माल कसा वाटला हे विचारणे, एक स्वच्छ फोटो काढणे, वहीचा हिशेब पुरा करणे हे आपल्या हाती आहे. जो आपल्या हातातले काम मोजतो, त्याला मंदीतही दिवस फुकट गेल्यासारखे वाटत नाही.

चौथे, किती पैसे आणि किती महिने देणार हे आधीच घरच्यांसमोर ठरवावे. मर्यादा ठरलेली असली की घरात भांडणे होत नाहीत आणि दागिने गहाण पडत नाहीत.

कागदपत्रांची काळजी

छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी 2020 पासून आधार क्रमांकावर विनामूल्य होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आवश्यक आहे. जीएसटीच्या बाबतीत, मर्यादेच्या आत उलाढाल असणाऱ्या लहान विक्रेत्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून ॲप कंपन्यांमार्फत राज्यातल्या राज्यात माल विकण्याची सवलत मिळाली. राज्याबाहेर माल पाठवायचा तर मात्र सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. एकदा जाणकार कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

आपली वही आपल्याजवळ

शेवटचा मुद्दा मोहन्याच्या अनुभवाशी निगडित आहे. एका कंपनीच्या पगारावर सारे गाव अवलंबून राहिले, म्हणून ती बंद पडताच दुकानेही ओस पडली. आज तोच प्रकार ऑनलाइन विक्रेत्यांच्या बाबतीत होऊ शकतो. ॲप कंपनीने कमिशन वाढविले, आपले खाते रोखले किंवा आपलाच माल दुसऱ्याकडून स्वस्त दाखविला, तर आपण काय करणार? ॲपचा उपयोग जरूर करावा, कारण तेथे नवी गिऱ्हाइके भेटतात. परंतु जे थेट आपल्याकडे येतात, त्यांची नावे, मापे आणि आवडीनिवडी त्यांच्या परवानगीने आपल्या वहीत असाव्यात. शंभर घरे नावानिशी ओळखणारा विक्रेता एका ॲपच्या मर्जीवर राहत नाही.

भिवंडीच्या रस्त्यांवर मोठ्या ऑनलाइन कंपन्यांची गोदामे उभी आहेत. त्यांच्याशी किमतीत आणि वेगात आपण स्पर्धा करू शकणार नाही, आणि करूही नये. मात्र टिटवाळ्याच्या एखाद्या भगिनीला कोणत्या मापाचा कुर्ता बसतो आणि शहाडच्या कोणत्या घरी मसाला कमी तिखट लागतो, हे त्या गोदामापेक्षा मोहन्याच्या माणसाला अधिक कळू शकते. तरुण मित्रांनी आपला धंदा तेथून सुरू करावा. या महिन्यात माल भरण्याची घाई करू नये. आधी वही घ्यावी आणि वीस घरे फिरावीत.