धम्मयात्रेला परदेशी निघालात? घामाचा रुपया जपून मोडा!

बोधिसत्त्व प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रुपयाचा परदेशी चलनाशी असलेला दर सांभाळत बसण्यापेक्षा, रुपया बाजारात किती माल विकत घेतो हे स्थिर राहणे जास्त महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह होता. कारण रुपयाची किंमत घसरली की पहिला मार बसतो तो मजुरी करून पोट भरणाऱ्याला. रुपयाचा इतका खोल विचार करणाऱ्या महामानवाची आपण लेकरे. मग आपल्या हातातला रुपया परदेशात कोण, कुठे आणि कसा कुरतडतो, हे आपल्याला कळायला नको काय?

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील कुटुंबे आता मोठ्या संख्येने धम्मयात्रेला देशाबाहेर जाऊ लागली आहेत. लुंबिनी तर आहेच, पण श्रीलंका आणि थायलंडच्या सहलीही विहाराविहारांतून निघतात. स्वतः बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला गेले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, काठमांडूला गेले. त्या वाटेने आपण जावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि चांगलीही आहे.

परंतु जाणारे कोण? कोणी पालिकेतील सफाई कामगार, कोणी दवाखान्यातील आया, कोणी गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा. तीन-तीन वर्षे भिशी लावून, बोनस बाजूला ठेवून हा पैसा जमतो आणि परदेशात पाऊल टाकल्यावर त्यातला बराच भाग कोणाच्याही लक्षात न येता गळून जातो. आंधळे दळते अन् कुत्रे पीठ खाते, अशी गत होते.

आमच्या वस्तीतील एका उपासिकेची हकीकत सांगण्यासारखी आहे. थायलंडच्या सहलीत बसमध्येच सहलवाल्याच्या माणसाने सर्वांकडून भारतीय नोटा गोळा केल्या आणि थायलंडचे चलन, म्हणजे बाहत, हातावर ठेवले. ना पावती, ना दराचा कागद. ताई परत आल्यावर आम्ही वहीत हिशेब मांडला. त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा सुमारे दहा टक्के बाहत कमी मिळाले होते. वीस हजारांवर दोन हजार रुपये गेले. ताई म्हणाल्या, "भाऊ, एवढ्यात नातीची वह्या-पुस्तके आली असती." हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

दर दोन असतात

मनी चेंजरच्या फळ्यावर प्रत्येक चलनापुढे दोन दर लिहिलेले असतात. एक तो तुमच्याकडून चलन घेतो तो, दुसरा तो तुम्हाला चलन देतो तो. या दोहोंतील फरक हीच त्याची कमाई. त्यामुळे "आम्ही कमिशन घेत नाही" या पाटीला भुलू नये. कमिशन दरातच दडलेले असते. त्या दिवशीचा बाजारभाव मोबाइलवर पाहावा आणि मनी चेंजर किती जादा लावतो ते ताडून पाहावे. दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमानतळावर घाईची गरज असते, म्हणून तेथील दर बहुधा महाग पडतो. चलन शहरातूनच दोन-चार दिवस आधी घ्यावे.

मनी चेंजर रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलाच हवा आणि त्याची पावती हवीच. या पावतीवर जीएसटी असतो, पण तो फार नाही. पंचवीस हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तो ४५ रुपये आणि एक लाखाच्या व्यवहाराला १८० रुपये पडतो. म्हणजे "पावती नको, कर वाचवा" असे सांगणारा तुमचे पंचेचाळीस रुपये वाचवतो आणि दरात हजार काढून घेतो, हे ध्यानात ठेवावे.

एका प्रवासाला साधारणतः ३,००० डॉलरपर्यंतच परकीय चलन रोख नेता येते. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात. आपल्यासारख्यांना एवढी रोकड लागतच नाही, पण नियम ठाऊक असावा.

लुंबिनीला जाताना

तथागतांच्या जन्मभूमीकडे आपले बहुतेक लोक गोरखपूरहून सोनौलीच्या नाक्यावरून जातात. नेपाळचे एक बरे आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर बांधलेला आहे. त्यामुळे मोबाइलवर दर पाहण्याचीही गरज नाही. हा आकडा पाठ करावा. दुकानदार शंभराचे दीडशेच धरू लागला, तर शांतपणे एकशे साठ म्हणावे.

तेथे भारतीय रुपयाला 'आयसी' आणि नेपाळी रुपयाला 'एनसी' म्हणतात. कोणी "पाचशे" म्हटले की लगेच विचारावे, आयसी की एनसी? कारण पाचशे एनसी म्हणजे आपले ३१२ रुपये ५० पैसे. रिक्षा, जेवण, माळा, मूर्ती घेताना हा एक प्रश्न विचारला नाही, तर शेकड्यामागे साठ रुपये जादा जाऊ शकतात.

मोठ्या नोटांची भानगड वेगळी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. त्यानंतर हे नियम बदलत आले आहेत. म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम विचारावा आणि शंभराच्या नोटा पुरेशा जवळ ठेवाव्यात. शंभराची नोट कधीच अडत नाही. नेपाळसाठी डॉलर घेण्याच्या फंदात पडू नये. तेथील प्रवासासाठी परकीय चलन दिलेच जात नाही. उरलेले नेपाळी रुपये मात्र नाका ओलांडण्यापूर्वीच मोडून घ्यावेत. घरी आणल्यावर ते केवळ आठवण म्हणून पेटीत राहतात.

मार्च २०२४ पासून नेपाळात ठरावीक दुकानांमध्ये आपल्या यूपीआयनेही पैसे देता येतात. श्रीलंकेत ही सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मात्र त्यासाठी आपल्या मोबाइलमधील ॲपमध्ये परदेशातील व्यवहार आधी चालू करावे लागतात. तेथे मोबाइलला नेट लागते ते वेगळेच. पैसे सोडण्यापूर्वी पडद्यावर रुपयांत किती आकडा दिसतो, तो वाचूनच पिन टाकावा.

कार्डाची खरी किंमत

आता कार्डाकडे वळू. कार्ड म्हणजे फुकटची सोय, असा समज आहे. तसे नाही. आपले नेहमीचे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरले की बहुतेक बँका रकमेवर साधारण दोन ते साडेतीन टक्के चलनबदलाचा आकार लावतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी घेतात. समजा, तीस हजारांची खरेदी केली आणि आकार साडेतीन टक्के आहे. म्हणजे १,०५० रुपये आकार अधिक १८९ रुपये जीएसटी, एकूण १,२३९ रुपये. काही बँकांच्या कार्डांवर हा आकार कमी किंवा अजिबात नसतो. तेव्हा शाखेत जाऊन सरळ विचारावे, "साहेब, परदेशात या कार्डावर किती टक्के कापता?" विचारायला संकोच कसला? पैसा आपला आहे.

दुसरा प्रकार फॉरेक्स कार्डाचा. यात जाण्यापूर्वीच परकीय चलन भरून ठेवतात, म्हणजे दर त्याच दिवशी ठरून जातो. थायलंडला जाणाऱ्याने त्यात बाहत भरले तर ठीक. पण श्रीलंकेचा रुपया अशा कार्डात सहसा भरता येत नाही. डॉलर भरून श्रीलंकेत वापरले तर बहुतेक कार्डे चलन बदलण्याचा आकार पुन्हा घेतात. कार्ड घेताना, भरताना आणि परत करताना काय आकार आहेत, ते लिहून घ्यावे.

मशिनवरचा फसवा प्रश्न

सर्वांत जास्त लोक अडकतात ते येथे. परदेशी दुकानात कार्ड लावले की मशीन विचारते, भारतीय रुपयांत देणार की येथील चलनात? आपल्याला वाटते, रुपया आपला, हिशेब समजतो, तेच बरे. आणि आपण रुपयाचे बटण दाबतो. पण रुपया निवडला की दर ठरवते ती तिकडची कंपनी, आणि ती आपल्या सोयीचा भाव सांगते. समजा, तिने बाजारभावापेक्षा सहा टक्के जादा लावले, तर दहा हजारांच्या बिलावर सहाशे रुपये एका बटणावर गेले. शिवाय काही बँका अशा व्यवहारावर आपलाही आकार लावतात तो निराळाच.

म्हणून नियम एकच. ज्या देशात उभे आहोत, त्या देशाचेच चलन निवडावे. थायलंडमध्ये बाहत, श्रीलंकेत श्रीलंकेचा रुपया. दुकानदाराने न विचारता रुपयांत पावती काढली, तर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तेथेही हेच उत्तर.

एटीएममधून पैसे काढताना दोन्हीकडून कात्री लागते. आपली बँक आकार घेते आणि तिकडचे एटीएमही घेते. थायलंडमधील बहुतेक एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाहतांहून जास्त शुल्क घेतात. एक हजार बाहत काढा की दहा हजार, शुल्क तेवढेच. म्हणून थोडे-थोडे चार वेळा काढण्यापेक्षा हिशेब करून एकदाच काढावे. क्रेडिट कार्डावर मात्र रोख काढूच नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

चोरापासून सावध

२०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशातील वापर बंदच असतो. तो आपण चालू करावा लागतो. निघण्यापूर्वी तो चालू करावा, पण मर्यादा आपल्या खर्चापुरतीच ठेवावी. परदेशात अनेकदा ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात. म्हणून घरी परतलो की तो वापर पुन्हा बंद करावा.

कार्डे दोन असावीत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. एक पाकिटात, दुसरे बॅगेत. पती-पत्नी दोघे असतील तर वाटून घ्यावीत. पिन नंबर कार्डामागे लिहून ठेवण्याची सवय आपल्या वडीलधाऱ्यांना आहे, ती मोडावी. बँकेचा तक्रारीचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाइलच चोरीला गेला तर तो नंबर सापडणार कुठे? कार्ड हरवले की त्याच घटकेला कळवावे.

रोख किती, कार्ड किती?

तथागतांनी दोन टोके टाळून मध्यम मार्ग सांगितला. येथेही तोच बरा. हॉटेल व मोठी खरेदी कार्डावर. रिक्षा, चहा-पाणी, फुले आणि विहारातील दान रोखीने. दानासाठी त्या देशाच्या सुट्ट्या नोटा आधीच वेगळ्या काढाव्यात. श्रीलंकेला जाताना थोडे डॉलर न्यावेत आणि ते अधिकृत बँकेत किंवा मनी चेंजरकडे मोडून पावती घ्यावी. नोटा कोऱ्या असाव्यात. फाटक्या, शाई लागलेल्या डॉलरच्या नोटा परदेशात नाकारतात. थायलंडमध्ये शंभर डॉलरच्या नोटेला लहान नोटांपेक्षा बरा भाव मिळतो. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या परिसरात आणि इतर स्थळी तिकीट घेताना पासपोर्ट दाखवून सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे का, हेही विचारावे.

सहलवाल्याला विचारायचे प्रश्न

सहलीचा दर पुष्कळदा "इतके रुपये अधिक इतके डॉलर" असा सांगतात. तेव्हा विचारावे, डॉलर कोणत्या दराने धरणार? आम्ही स्वतः डॉलर विकत घेऊन दिले तर चालतील काय? परदेश सहलीच्या रकमेवर सहलवाला आयकर कापून जमा करतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलतो. पण लक्षात ठेवा, हा कर आपल्या नावावर जमा होतो. ज्यांचे उत्पन्न कराच्या मर्यादेत बसत नाही, त्यांनी पॅन नंबर देऊन, दाखला घेऊन विवरणपत्र भरले तर तो परत मिळतो. आपले कितीतरी बांधव हा पैसा सोडून देतात, कारण कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून आमची विहारांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. यात्रा निघण्याच्या आधीच्या रविवारी, वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. समाजातील बँकेत नोकरी करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी बोलवावी. मशिनवरचा प्रश्न कसा दिसतो, ते मोबाइलवर दाखवावे. न शिकलेल्या आजीबरोबर शिकलेली नात बसवावी.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. मनी चेंजरसाठी पाचवा भाग त्यात कुठेही नाही! यात्रेत वाचलेले हजार-दोन हजार मुलांच्या शिक्षणाला लागू द्या, विहाराच्या वाचनालयाला लागू द्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. परदेशातल्या मशिनवरचे बटण वाचून दाबणे, हेही त्या शिक्षणातच आले.

जयभीम! नमो बुद्धाय!