पाटीवरचे नाव कोणाचे?

हॉटेल काढताना आपण जागा, भांडवल, आचारी या साऱ्यांचा विचार करतो. पाटीवरचे नाव मात्र बहुधा सहज ठरवून टाकतो. पुढे हेच नाव कोर्टाची पायरी चढायला लावू शकते. पुण्यातील 'बर्गर किंग' खटला हे याचे ठळक उदाहरण होय.

पुण्यात या नावाचे स्थानिक उपाहारगृह १९९२ पासूनचे. त्याच नावाची अमेरिकन कंपनी मुळात जुनी, पण भारतातील तिचे पहिले दुकान २०१४ साली दिल्लीत उघडले. त्याआधीच, २०११ मध्ये, कंपनीने पुण्याच्या मालकांवर दावा लावला होता. नाव वापरण्यास मनाई करावी, नुकसानभरपाई मिळावी, अशी तिची मागणी होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. कंपनीने भारतात धंदा सुरू करण्यापूर्वीपासून पुण्याचे मालक हे नाव वापरत होते आणि ग्राहकांची फसगत किंवा कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. मालकांनी मागितलेली २० लाखांची भरपाईही पुराव्याअभावी नाकारली. कंपनी अपिलात गेली. अपील निकाली निघेपर्यंत मालकांनी हे नाव वापरू नये, असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकमाला स्थगिती दिली आणि अपिलाची सुनावणी चालवण्यास उच्च न्यायालयाला मोकळीक ठेवली. दावा लागल्यापासून एवढ्यावर यायलाच तेरा वर्षांहून अधिक काळ गेला! लहान दुकानदाराला हा खर्च आणि ही काळजी कशी झेपावी?

आता कायदा पाहू. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार नोंदणीने नावावर हक्क मिळतो आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. कलम ३४ मात्र आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही संरक्षण देते. अट अशी की, तो वापर अखंड हवा आणि समोरच्याचा वापर व नोंदणी या दोहोंच्याही आधीचा हवा. पुण्याच्या वादाची मेख इथेच आहे. दुकान १९९२ चे, तर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिची भारतातील नोंदणी १९७९ ची.

नोंदणी म्हणजे सर्वस्व, असेही नाही. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की, समोरच्याकडे नोंदणी असली तरी नाव आधीपासून वापरून लौकिक कमावणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो. पण 'आधीपासून' हा शब्द तोंडी चालत नाही, तो कागदाने सिद्ध करावा लागतो.

म्हणून हॉटेल, बेकरी वा मिठाईचे दुकान चालवणाऱ्या बंधूंना आमचे सांगणे असे: नाव ठरवण्यापूर्वी ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या नोंदींत शोध घ्या. परदेशातील गाजलेले नाव उचलू नका. ती कंपनी उद्या इथे येऊ शकते. उपाहारगृहासाठी वर्ग ४३ खाली नोंदणीचा अर्ज करा. गुमास्ता परवाना, पहिली बिले, जाहिरातीची कात्रणे, कराची कागदपत्रे तारखेनिशी जपून ठेवा. वडिलांच्या वेळची बिलबुके रद्दीत घालू नका. उद्या पाटी टिकली, तर ती याच कागदांवर टिकेल.