जॅकखालची जमीन

पावसाळ्यात कसाल–मालवण रस्त्यावर भरलेला ट्रक पंक्चर झाला, की ड्रायव्हरची पहिली नजर चाकाकडे जाते आणि दुसरी साइडपट्टीकडे. चाकाचं काय करायचं ते त्याला पाठ असतं. साइडपट्टीचा मात्र भरवसा नसतो. वरून टणक दिसणारी तांबडी माती आतून भिजलेली असते, आणि आता तिच्यावर काही टनांचं ओझं वीतभर लोखंडी बैठकीवर तोलून धरायचं असतं. सिंधुदुर्गात ट्रकचे जॅक निसटतात ते बहुतेकदा खालच्या जमिनीमुळे, असं माझं मत झालं आहे.

यंत्र म्हणून बाटलीच्या आकाराचा हा हायड्रॉलिक जॅक फार गुणी आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. जोसेफ ब्रामाने १७९५ साली त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं आणि १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हातात धरून नेता येईल असा जॅक काढला. आत दोन दट्ट्ये असतात, एक लहान आणि एक मोठा, आणि त्यांच्यामध्ये तेल. लहान दट्ट्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि मोठ्याचा ४८ धरला, तर जोर सोळापट होतो. त्यावर दांड्याची तरफ आणखी अठरा-वीस पट. म्हणजे क्लीनरने वीस किलोचा जोर लावला, की वर पाच-सहा टन हलतात. याची किंमत तो घामाने मोजतो, कारण एकदा दांडा मारला की गाडी जेमतेम मिलिमीटरभर वर जाते.

पण एवढा सगळा भार शेवटी पेलतं कोण? तेल, आणि त्या तेलाला अडवणारं एक रबरी सील. मालवणच्या किनाऱ्यावर या सीलची परीक्षा जास्तच कडक होते. मासळीच्या गाड्यांत वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी झिरपत असतं आणि हवाही खारीच. जॅकच्या चकचकीत दट्ट्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले, की प्रत्येक वर-खाली होण्यात ते सीलला ओरखडत जातात. तेल कमी झालं म्हणून हाताशी असलेलं ब्रेक ऑइल ओतणारेही भेटतात. ते जॅकचं तेल नव्हे. त्याने साधं रबरी सील फुगतं आणि कुजतं, आणि आज पेलणारा जॅक उद्या ओझ्याखाली हळूहळू बसू लागतो.

म्हणून जॅकने फक्त उचलायचं. धरून ठेवायचं काम घोडीचं, म्हणजे एक्सलखाली लावायच्या लोखंडी स्टँडचं, आणि ती नसेल तर जाड, चौरस ओंडक्याचं. गाडी वर गेल्याबरोबर ओंडका आत सरकवायचा, मग चाकाला हात. टायरचं काम करणारे जुने लोक याबाबत फार तिखट असतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली पोरगं डोकं घालताना दिसलं, की ‘मेल्या, खाली खंय जातंस?’ अशी हाक येते. या हाकेने किती माणसं वाचली असतील याची नोंद कुठल्याच कार्यालयात नसते.

आता त्या जमिनीकडे येऊ. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला जॅकखाली ठेवायला सर्वांत सहज काय मिळतं? चिरा. कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाणींतून निघालेला जांभा गडग्यात असतो, अर्धवट घरांच्या पुढ्यात असतो, आणि बऱ्याचदा पंक्चर झालेल्या ट्रकच्या हौद्यातही तोच भरलेला असतो. इथे थोडा हिशेब करू. २०१८ साली केंद्राने भाराच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हा चार टायरच्या एका मागच्या एक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन भार मंजूर झाला. एक बाजू उचलायची तर जॅकवर पावणेसहा टन तरी येणारच. जॅकची बैठक १५ सेंटिमीटर चौरस धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो होतात. भारतीय मानकाप्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याने किमान ३५ किलो सोसले पाहिजेत. कागदावर चिरा उत्तीर्ण होतो. पण मानकातला चिरा पारखून घेतलेला, सपाट आणि सगळीकडून सारखा दाबलेला असतो. आपण उचलतो तो भिजलेला, सच्छिद्र, एका कोपऱ्यावर टेकलेला आणि कदाचित कालच खाणीतून निघालेला. जांभा हवेत राहून घट्ट होतो. ताजा असताना तो मऊच असतो. भिंतीत शंभर वर्षं टिकणारा हा दगड जॅकखाली आधी सूचना न देता दुभंगतो. फळी निदान कुरकुरते.

म्हणून खाली फळीच हवी. ४० सेंटिमीटर चौरस फळीवर तोच भार दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन-चार किलोंवर येतो. पण ती ऐनाची किंवा तशाच दणकट लाकडाची, तीन इंच जाड हवी. हापूसच्या पेटीची फळी किंवा सिमेंटच्या पिशव्यांची चळत म्हणजे निव्वळ स्वतःची समजूत.

घाटात आणखी एक फसगत होते. फोंडा किंवा आंबोलीच्या उतारावर गाडी थांबली, की ती गिअरमध्ये टाकून ड्रायव्हर निर्धास्त होतो. मागचं एका बाजूचं चाक जमिनीवरून सुटलं की गिअर कामाचा राहत नाही. डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं, आणि दुसऱ्या बाजूचं टेकलेलं चाक उताराला लागू शकतं. हँडब्रेक हवाच, पण त्याच्या जोडीला जमिनीवरच्या चाकांना उताराच्या बाजूने दगड लावायचे. इथे मात्र चिरा चालतो, काळा दगड असेल तर उत्तम. काम झालं की ते दगड रस्त्यातून उचलायचे. आपल्याकडे गाडीच्या मागे टाळ, म्हणजे झाडाच्या पानांसकट फांद्या, तोडून टाकतात आणि दगड मांडतात. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यांवर आदळतो. धोक्याचा त्रिकोण गाडीत असतो, पण तो बहुधा सीटखाली पडलेला.

बाकीचं बहुतेकांना माहीत असतं. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, कारण उचललेल्या गाडीवर पाइप लावून हिसके दिले की जॅक तिरका होतो. परत आवळताना समोरासमोरचे नट घ्यायचे, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. लॉकरिंगचं, म्हणजे टायर रिमवर सुट्या लोखंडी कड्याने अडकवलेलं, चाक पंक्चर अवस्थेत काही अंतर पळालं असेल, तर उरलीसुरली हवा काढल्याशिवाय नटाला हात लावायचा नाही. ती रिंग उडाली तर जॅक शाबूत असूनही माणूस जातो.

ट्रकमालकांना एक विनंती. ड्रायव्हरच्या हाती दहा-वीस टनांचा जॅक देऊन आपली जबाबदारी संपली असं समजू नका. ऐनाची एक जाड फळी, दोन ओंडके आणि चाकाला लावायच्या लाकडी पाचरी करून द्या. गावातला सुतार हे एका दिवसात करून देईल, आणि सगळा खर्च एका नव्या टायरपेक्षा पुष्कळ कमी येईल.